सख्खा भाऊ, तरी बोन मॅरो जुळत नाही?

"डॉक्टर, दोघांचा ब्लड ग्रुप एकच आहे. मग मॅरो का जुळत नाही?"

नवी मुंबईत प्रॅक्टिस करताना हा प्रश्न अधूनमधून समोर येतोच. टाटा मेमोरियलचे अ‍ॅक्ट्रेक इथेच खारघरला आहे आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी लांबून कुटुंबे येतात. उपचार तिथे चालतात, पण मनातल्या शंका पुष्कळदा जवळच्या डॉक्टरांकडे येतात. म्हणून आज एचएलए म्हणजे काय ते सोप्या भाषेत पाहू.

आपल्या सोसायटीत रोज सकाळी घरोघरी दाराबाहेर कचऱ्याचा डबा ठेवतात. डबा पाहून घरात काय शिजले याचा अंदाज येतो. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी असेच करते. आतल्या जुन्या प्रथिनांचे ती तुकडे करते आणि साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचा एकेक तुकडा एका खोबणीत बसवून पृष्ठभागावर आणून ठेवते. ही खोबण म्हणजेच एमएचसी क्लास वन रेणू. माणसात त्यालाच एचएलए-ए, बी आणि सी म्हणतात. पेशीत विषाणू शिरला, की त्याचेही तुकडे या डब्यात दिसू लागतात.

रक्तातल्या टी-पेशी म्हणजे आपले वॉचमन. त्यांच्या रिसेप्टरची गंमत अशी, की तो नुसता तुकडा ओळखत नाही. तुकडा आणि डबा दोन्ही एकत्र पाहतो. रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे १९७४ च्या सुमारास उंदरांवरच्या प्रयोगांतून हे दाखवले. विषाणू तोच असला, तरी पेशीवरचा डबा परका असेल तर टी-पेशी तिला मारत नव्हत्या. या शोधाला १९९६ चे नोबेल मिळाले.

टी-पेशींचे शिक्षण छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत होते, तेही घरच्याच डब्यांवर. ट्रान्सप्लांटमध्ये आपण दुसऱ्या सोसायटीत तयार झालेले वॉचमन रुग्णाच्या शरीरात आणतो. डबे सारखे असले तर ते बहुतांशी गुण्यागोविंदाने राहतात. वेगळे असले तर रुग्णाची त्वचा, आतडी, यकृत यांनाच परके समजून हल्ला करू शकतात. म्हणून जुळणी पाहायची. त्यात क्लास टूचे रेणूही तपासतात.

आता ब्लड ग्रुप. तो लाल पेशींवर ठरतो. लाल पेशींत केंद्रक नसते आणि त्यांच्यावर हे डबे जवळजवळ नसतातच. त्यामुळे ब्लड ग्रुप वेगळा असूनही मॅरो जुळू शकतो, आणि एकच असूनही न जुळू शकतो.

एचएलएची जनुके सहाव्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी असतात. मुलाला आईकडून एक संच मिळतो, वडिलांकडून एक. म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के, अर्धे जुळण्याची ५० टक्के आणि अजिबात न जुळण्याची २५ टक्के. चार भावंडे आहेत म्हणजे एक जुळणारच, असे नाही. प्रत्येकाच्या वेळी चिठ्ठी नव्याने उचलली जाते.

हे मुद्दाम लिहितो आहे. एका कुटुंबात रिपोर्ट आल्यावर नातेवाईक बोलून गेले, "सख्खा असून कामाला आला नाही." थोरला भाऊ माझ्यासमोर मान खाली घालून बसला होता. आई म्हणत होती, माझ्याच पोटात काही कमी राहिले असेल. मी त्यांना कागदावर चार चौकोन काढून दाखवले आणि सांगितले, यात कोणाचे प्रेम कमी पडलेले नाही आणि कोणाचे रक्त खोटे नाही. उलट माणसांमाणसांत इतके वेगवेगळे डबे आहेत, म्हणूनच एखादा विषाणू सगळ्यांच्याच नजरेतून निसटू शकत नाही.

शिवाय न जुळणे म्हणजे रस्ता बंद, असेही नाही. भारतात टाटा मेमोरियलमध्ये १९८३ साली भावंडाच्या मॅरोवर ट्रान्सप्लांट झाले, तेव्हा पर्याय फार थोडे होते. आज आई, वडील किंवा मुलांकडून अर्ध्या जुळणीचे ट्रान्सप्लांटही केले जाते. नोंदणीतून अनोळखी दाताही शोधता येतो.

आणखी दोन गोष्टी. काही कॅन्सर पेशी डबा बाहेर ठेवतच नाहीत, म्हणजे टी-पेशींना काही दिसत नाही. पण एनके पेशींचे काही रिसेप्टर क्लास वन दिसला की ब्रेक लावतात. तो दिसला नाही तर ब्रेक सुटतो. डबाच नाही, हेच त्यांना संशयास्पद वाटते. दुसरी म्हणजे कार-टी उपचारपद्धती. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ ला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. यात रुग्णाच्याच टी-पेशींना कृत्रिम रिसेप्टर बसवतात. तो बी-पेशींवरचे सीडी१९ थेट ओळखतो, त्याला डब्याची गरज नसते. अर्थात ही पद्धत ठरावीक रक्ताच्या कॅन्सरसाठीच आहे.

रिपोर्ट हातात आला, की ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारा: जुळणी किती आहे, अर्ध्या जुळणीचा पर्याय आमच्यासाठी आहे का, आणि थांबलो तर धोका किती? आणि घरात ज्याचा मॅरो जुळला नाही, त्याच्या पाठीवर आधी हात ठेवा. रुग्णाजवळ रात्री बसायला, प्लेटलेट्स द्यायला तोच लागणार आहे.