अधिक चिन्हाची कळ

व्हिडिओ गेमचा कन्सोल, म्हणजे मुख्यतः खेळासाठी घडवलेला संगणक, किती नवा आहे हे बहुधा प्रोसेसरच्या वेगावरून आणि चित्राच्या रेखीवपणावरून ठरवले जाते. परंतु वेग काही वर्षांत मागे पडतो आणि खेळणाऱ्याच्या हाताला लागलेले नवे वळण मात्र टिकते, म्हणून खरे नावीन्य या वळणात शोधले पाहिजे. गुनपेई योकोई यांचे आयुष्य याची साक्ष देते.

योकोई १९६५ मध्ये क्योटोच्या निन्टेंडो कंपनीत आले ते पत्ते बनवणाऱ्या यंत्रांच्या देखभालीसाठी. कॅल्क्युलेटरमुळे स्वस्त झालेला एलसीडी, म्हणजे अत्यल्प विजेवर आकृती उमटवणारा पडदा, वापरून त्यांनी १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ हा खिशात मावणारा खेळ केला. १९८२ च्या ‘डाँकी काँग’ या घडी होणाऱ्या आवृत्तीत दिशा देणारा उभा दांडा मावणे शक्य नव्हते. त्या अडचणीतून अधिक चिन्हाच्या आकाराची चपटी कळ आली, जिच्यामुळे डोळे पडद्यावरून न हलवता अंगठ्याला दिशा कळू लागली. पुढच्याच वर्षी ती फॅमिकॉम या घरगुती कन्सोलवर आली, त्याच्या स्वस्त नकलांबरोबर महाराष्ट्रातल्या मुलांच्या हातीही पोहोचली, आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांनीही तिची रूपे स्वीकारली.

जुने, स्वस्त, पारखलेले तंत्र अनपेक्षित जागी वापरावे, हे योकोई यांचे सूत्र होते. १९८९ चा गेम बॉय हा हातात धरायचा कन्सोल त्याचे सर्वांत धीट उदाहरण होय: त्याच वर्षी आलेल्या अटारी लिंक्सचा पडदा रंगीत होता, पण त्याचे सहा पेन्सिल सेल काही तासांतच संपत, तर चार छटांचा, हिरवट पडद्याचा गेम बॉय चार सेलवर त्याहून कितीतरी जास्त वेळ चाले. प्रवासातल्या मुलाला रंगांपेक्षा न थांबणारा खेळ हवा असतो, हे ओळखणे हीच येथली प्रतिभा. उलट १९९५ च्या त्यांच्याच व्हर्च्युअल बॉय या कन्सोलमध्ये खोलीचा भास देणारे लाल-काळे चित्र अपूर्व असूनही डोळे यंत्राला जखडले जात, आणि तो अल्पावधीत बंद पडला. अपूर्वता म्हणजे नावीन्य नव्हे.

१९९६ मध्ये निन्टेंडो सोडल्यावर योकोई बांदाई कंपनीच्या वंडरस्वानच्या रचनेत गुंतले. १९९७ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले, आणि १९९९ मध्ये बाजारात आलेला तो आडवा व उभा, दोन्ही प्रकारे धरता येणारा कन्सोल एकाच पेन्सिल सेलवर चालत असे.