निकाल, निकाह आणि कुवेत

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी फिशपाँड वाचायची पद्धत महाराष्ट्रात कितीतरी वर्षांची आहे. आमचे मराठीचे सर त्याला आग्रहाने ‘शेलापागोटे’ म्हणत आणि आम्ही तितक्याच आग्रहाने फिशपाँडच म्हणत असू. ग्रंथालयाबाहेर आठवडाभर एक पत्र्याचा डबा ठेवलेला असे. चिठ्ठी लिहायची, खाली नाव घालायचं नाही आणि टाकून द्यायची. मग दोन प्राध्यापक आणि दोन विद्यार्थी बसून आचरट चिठ्ठ्या बाजूला काढत, उरलेल्या मंचावरून वाचल्या जात. पहिल्या-दुसऱ्या वर्षी दिसण्यावर, चालण्यावर आणि खऱ्या-खोट्या प्रेमप्रकरणांवर टोमणे असत. टी.वाय.ला विषय एकच : पुढे हा काय होणार आणि ही कुठे जाणार.

मी १९९० साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजातून बी.ए. झाले. त्या वर्षी निवड करणाऱ्या दोन विद्यार्थ्यांपैकी एक मी होते. त्यामुळे वाचलेल्या आणि न वाचलेल्या अशा सगळ्या, दीडेकशे तरी चिठ्ठ्या माझ्या हाताखालून गेल्या. घरी येऊन दादीला हे सांगितलं तर तिने कानाच्या पाळ्यांना हात लावला. “तौबा! गैबचं इल्म अल्लाहशिवाय कुणाला असतं का? असली भाकितं करू नयेत.” आणि घटकाभराने हळूच विचारलं, “तुझ्याबद्दल काय लिहिलंय?”

त्या दिवसांत कोकण रेल्वेची फार चर्चा होती. मधू दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. गाडी आता येणारच असं सगळे म्हणत, आणि जुनी माणसं हसत, कारण हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं होतं. साहजिकच ज्याचे विषय दर वर्षी राहत असत अशा आमच्या एका मित्राला चिठ्ठी मिळाली : ‘आधी कोकण रेल्वे येईल, मग हा बी.ए. होईल.’ सभागृह हसून लोळलं, सगळ्यात जास्त तोच हसला. पुढे रुळांसाठी त्याच्या घरची जमीन गेली आणि जमीन गेलेल्यांना नोकरीत घेत होते म्हणून तो रेल्वेतच लागला. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. भाकिताचा पहिला अर्धा भाग खरा ठरला. दुसऱ्या अर्ध्याची वाट तो अजून पाहतोय. भेटला की म्हणतो, “गाडी लेट आहे, रद्द नाही.”

आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलाला चिठ्ठी आली : ‘हा कुवेतच्या शेखाला इतिहास शिकवेल आणि शेख कंटाळून याला उंट राखायला लावेल.’ भाकीत अवघड नव्हतं. कोकणातल्या मुसलमान घरात मुलगा मोठा झाला की पासपोर्ट काढायचा, ही जवळजवळ रीतच होती. आधीच्या पिढ्या बोटीवर गेल्या, नंतरच्या आखातात. त्याच्या मामाने व्हिसा पाठवून ठेवला होता. परीक्षा झाली आणि जूनमध्ये तो गेलाही.

२ ऑगस्टला इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. टपाल बंद, फोन बंद. त्याच्या आईच्या ओटीवर रोज संध्याकाळी मोहल्ला जमायचा आणि मध्ये रेडिओ ठेवलेला असायचा. बातम्यांत माणसांची नावं सांगत नाहीत, हे ठाऊक असूनही ती माउली बातम्या संपेपर्यंत श्वास रोखून बसायची. ऑगस्ट ते ऑक्टोबर एअर इंडियाची विमानं जॉर्डनच्या अम्मानहून मुंबईला माणसं आणत होती. लाखाहून जास्त भारतीय त्या मार्गाने परतले. सप्टेंबरात तोही आला. बसने बगदाद, तिथून जॉर्डनची सरहद्द, वाळवंटातल्या तंबूत काही रात्री, मग विमान. गेला तेव्हा दोन बॅगा होत्या, आला तेव्हा एक पिशवी. मी भेटायला गेले तर म्हणाला, “उंट पाहिले गं, पण लांबूनच. त्यांना राखण इराक्यांची होती.” दोन वर्षांनी तो पुन्हा कुवेतलाच गेला आणि पंचवीस वर्षं राहिला. त्याच्या पैशावर दोन बहिणींची लग्नं झाली, घराला स्लॅब पडला, मुलगी डॉक्टर झाली. चिठ्ठी तशी खरीच ठरली म्हणायची. पण तिच्यात ना ती ओटी होती, ना ती पंचवीस वर्षं.

माझ्या एका मैत्रिणीला मिळालेली चिठ्ठी सगळ्यात गाजली : ‘निकाल आणि निकाह एकाच आठवड्यात. एकात पास, दुसऱ्यात फर्स्ट क्लास.’ झालंही अगदी तसंच. ती शेजारच्या गावी सून होऊन गेली आणि भाकितासारखीच तिची गोष्टही तिथे संपली असं सगळ्यांनी धरलं. पण २४ एप्रिल १९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली. पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांसाठी आल्या. तिच्या वॉर्डात जागा राखीव झाली आणि गावात बी.ए. झालेली बाई ती एकटीच. “नावापुरती उभी राहा,” असं सासरे म्हणाले. ती उभी राहिली, सदस्य झाली, पुढे सरपंच झाली. सहा महिन्यांत जमातीच्या बैठकीत तक्रार आली की सरपंचबाई सही करण्याआधी कागद वाचतात! सासऱ्यांनी तक्रार शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, “शिकलेली सून आणलीय, मग वाचणारच.” वरच्या आळीला नळ आला तो तिच्या काळात. पुढच्या निवडणुकीत जागा राखीव नव्हती, तरी ती निवडून आली. आम्ही त्या डब्यात चिठ्ठ्या टाकत होतो तेव्हा हा कायदाच झालेला नव्हता. मग भाकीत करणार कोण?

मलाही चिठ्ठी होती. दादीला सांगितली तीच. ‘हिच्या हातची बिर्याणी खायला पुढच्या ईदला अख्खा वर्ग हजर.’ वर्गातल्या प्रत्येक मुसलमान मुलीच्या वाट्याला बिर्याणी आली होती. आमच्या घरी रोज तांदळाची भाकरी, भात आणि मासळीचं कालवण, म्हणजे चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या घरी असेल तेच. बिर्याणी लग्नाकार्याला, आणि तीही भटाऱ्याच्या हातची. दादी म्हणाली, “बघ, म्हटलं नव्हतं? गैबचं इल्म कुणाला नसतं. तुला तर साधा भात जमत नाही.”

हसण्यावारी नेलं, आणि ते हसण्यासारखं होतंच. लिहिणारे आमचे जिवाभावाचे मित्र होते. कुणाच्या मनात काळं नव्हतं. तरी त्या चिठ्ठ्या निवडताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती, ती अजून मनातून जात नाही. थट्टेत माणूस अतिशयोक्ती करतो. कुणाला ‘मुख्यमंत्री होऊन कॉलेजला पंखे देईल’ असं होतं, कुणाला ‘सुप्रीम कोर्टातही उशिरा पोहोचेल’, कुणाला ‘याचं पुस्तक अभ्यासक्रमाला लागेल आणि हाच नापास होईल’. आमच्यापैकी एकालाही असली चिठ्ठी नव्हती. मुलांची अतिशयोक्ती कुवेत-दुबईला थांबत होती, मुलींची निकाहला. आणि अक्षरावरून सांगते, यातल्या निम्म्या चिठ्ठ्या आमच्याच मुलामुलींनी एकमेकांसाठी लिहिलेल्या होत्या.

आता तुम्ही म्हणाल, समोर उदाहरणं नव्हती. तसंही नव्हतं. बॅरिस्टर अ. र. अंतुले १९८० साली मुख्यमंत्री झाले ते शेजारच्याच जिल्ह्यातले. ‘इंधन’ लिहिणारे हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. उदाहरणं होती, पण ती अपवाद म्हणून पाहायची सवय होती. पुढे २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला. आय.ए.एस.मध्ये मुसलमान ३ टक्के, आय.एफ.एस.मध्ये १.८, आय.पी.एस.मध्ये ४. लोक आकडे वाचून हळहळले. मला तो पत्र्याचा डबा आठवला. जे कुणी गमतीतही लिहिलं नव्हतं, ते सरकारी आकड्यांत कुठून दिसणार? याला कारणं पुष्कळ आहेत. गरिबी आहे, भेदभाव आहे, अर्ध्यावर सुटणाऱ्या शाळा आहेत. पण मुलं एकमेकांबद्दल काय कल्पना करू शकतात, हेही त्यातलंच एक.

मे २०१६ मध्ये जालना जिल्ह्यातल्या शेलगावचा, रिक्षाचालकाचा मुलगा अन्सार शेख एकविसाव्या वर्षी यू.पी.एस.सी. उत्तीर्ण झाल्याची बातमी आली. मी तेव्हा हायस्कूलमध्ये शिकवत होते. दहावीच्या पुढच्या निरोप समारंभात पहिल्यांदाच एका शेख आडनावाच्या मुलाला चिठ्ठी मिळाली : ‘हा कलेक्टर होईल, पण गणिताच्या बाई दिसल्या की टेबलाखाली लपेल.’ पोरं खो-खो हसली. गणिताच्या बाईही हसल्या.

तो मुलगा कलेक्टर झालेला नाही. डिप्लोमा करून पुण्याला एका कारखान्यात आहे आणि सुखात आहे. चिठ्ठी खोटी ठरली, म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही. त्यानंतर दर वर्षी डबा ठेवण्याआधी मी वर्गात एकच नियम सांगत आले : कुणाच्या रंगावर, घरावर लिहायचं नाही, आणि थट्टा करायचीच तर मोठी करायची. एका वर्षी मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, “बाई, किती मोठी?” मी म्हटलं, “तुला हसू येईल एवढी. आणि नंतर रात्री झोप येणार नाही एवढी.”