काट्याचा खरेपणा

गाडी चालवणारा माणूस काट्याकडे पाहूनच ब्रेकवर पाय ठेवतो. तो काटाच खोटा असेल तर? अकोल्यात गॅरेजमध्ये वायरिंगचे काम करणाऱ्या आम्हा दोघा भावांपुढे हा प्रश्न एका स्पोर्ट्स कारने उभा केला.

गाडी अमरावतीच्या एका हौशी गिऱ्हाइकाची. दोन दारांची, जपानी बनावटीची. मूळ इंजिन निकामी झाले म्हणून त्याने दुसऱ्या मॉडेलचे इंजिन गिअरबॉक्ससह बसवून घेतले होते. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे असा बदल मनाला येईल तसा करता येत नाही. म्हणून आधी आरटीओच्या परवानगीचे कागद पाहिले, मगच गाडीला हात लावला.

इंजिन झकास चालत होते. पण काटा ३० च्या पुढे जाईना आणि गाडी तर वाऱ्यासारखी पळत होती.

महामार्गावर एकाने गाडी धरली, दुसऱ्याने घड्याळ. काटा ३० वर स्थिर ठेवला. ३० च्या वेगाने एका किलोमीटरला १२० सेकंद लागायला हवेत. एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत लागले ६०! म्हणजे खरा वेग ६० होता.

कारण सोपे आहे. गिअरबॉक्सवर वेगाचा सेन्सर असतो. शाफ्ट फिरतो तसे तो नाडीसारखे विजेचे ठोके पाठवतो आणि मीटर ते मोजते. जुन्या जपानी गाड्यांत एका किलोमीटरला स्पीडोमीटरचा दांडा सुमारे ६३७ फेरे घेतो. फेरीला ४ ठोके धरले तर २५४८ होतात. नव्या गिअरबॉक्सचा सेन्सर ४ ठोके देत होता आणि गाडीचे जुने मीटर ८ ची वाट पाहत होते. निम्मे ठोके, निम्मा वेग.

आम्ही हे सांगितले तेव्हा गिऱ्हाईक हसले. "काटा फिरून राह्यला ना भाऊ! मंग झालं. उलट किलोमीटर बी कमी पडतीन, इकतानी भाव येईन."

खरा मुद्दा हाच होता. उद्या ही गाडी घेणारा माणूस निम्म्याच किलोमीटरचे पैसे मोजतो आहे असे समजून फसला असता. आणि काट्यावर ४० पाहून निर्धास्त बसलेला चालक प्रत्यक्षात ८० ने जात असता. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागते. रस्ता ओलांडणाऱ्या पोराला काट्याचा आकडा दिसत नाही. आम्ही स्पष्ट सांगितले, "काटा खरा करू, नाहीतर गाडी अशीच घेऊन जा. मजुरी नको."

ते तासभर फुरंगटले, मग "करा" म्हणाले.

उपाय मात्र जपून करावा लागतो. नव्या इंजिनाच्या कॉम्प्युटरला ४ च ठोके हवे होते. म्हणून सेन्सरची वायर दोन ठिकाणी नेली: एक फाटा जसाच्या तसा कॉम्प्युटरला, दुसरा ठोके दुप्पट करणाऱ्या छोट्या कन्व्हर्टरमधून मीटरला. टायरचे माप बदलले तरी हिशेब बदलतो, म्हणून तेही तपासले. पुन्हा दगड आणि घड्याळ. काटा ६०, वेळ ६० सेकंद!

ज्या अमरावती-अकोला महामार्गावर ही चाचणी झाली, तिथेच लोणी ते माना ही एका लेनची ७५ किलोमीटरची डांबरी पट्टी जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज विक्रम झाला. सातशेहून अधिक माणसे त्या कामावर राबली. त्या गुळगुळीत रस्त्यावर ८० चा वेगही ४० सारखा वाटतो. म्हणून काटा खरा असणे आता जास्तच गरजेचे आहे.

वाचकांपैकी कोणी जुनी जीप, ऑटो वा कार घेणार असेल तर पैसे देण्याआधी एवढे करा. इंजिनाचा नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा. मग सोबतच्या माणसाच्या हाती घड्याळ देऊन किलोमीटरच्या दोन दगडांमधून गाडी एकसारख्या वेगाने न्या. काट्यावर ४० असेल तर ९० सेकंद, ६० असेल तर ६० सेकंद. एक-दोन सेकंदांचा फरक चालेल. निम्म्याचा फरक निघाला, तर गाडी कितीही चकचकीत असो, खिशातली नोट खिशातच ठेवा.