कॅशियरचा हात नडला

आयुष्यभर बँकेच्या काउंटरवर नोटा मोजल्या. म्हणून निवृत्तीनंतर मुलुंडला बसून जुन्या नोटा जमवू लागलो, तेव्हा या व्यवहारात आपल्याला कोण फसवणार, असा तोरा होता. मला फसवलं ते बहुतेक वेळा माझ्याच सवयींनी.

पहिली चूक चिंतामणराव देशमुखांपायी. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, तेही आपले रायगडचे! ब्रिटिश राजा सहाव्या जॉर्जचं चित्र आणि खाली देशमुखांची सही असलेली दहाची नोट दिसली आणि घासाघीस न करता घेतली. देशमुख १९४३ ते १९४९ गव्हर्नर होते. महायुद्धाच्या काळात नोटा भरमसाट छापल्या गेल्या, त्यामुळे ही नोट आजही बऱ्यापैकी सहज मिळते. जुनी म्हणजे दुर्मीळ, हे मीच ठरवून टाकलं होतं.

मग तिची घडी विरत होती म्हणून चिकटपट्टी लावली, सुरकुत्या गेल्या पाहिजेत म्हणून इस्त्री फिरवली. काउंटरवर नोट चालली म्हणजे झालं, ही जुनी सवय. घाटकोपरच्या एका व्यापाऱ्याने ती उजेडात तिरकी धरली आणि म्हणाला, "काका, प्रेस केलीय ना?" कागदाचा मूळचा पोत सपाट झाला होता. उरलीसुरली किंमतही गेली.

याच्या उलट, एक कोरी करकरीत नोट पिनांची भोकं दिसली म्हणून मी नाकारली. पूर्वी गड्ड्यांना पिना मारत. मीही मारल्या आहेत. २००१ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना ते बंद करायला सांगितलं. त्याआधीच्या न वापरलेल्या नोटेलाही भोकं असू शकतात, हे मला कळायला हवं होतं.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट शुभ मानल्या जाणाऱ्या ७८६ क्रमांकाच्या नोटेची. "रिझर्व्ह बँकेमार्फत लाखोंना विकून देतो," असा फोन आला आणि मी नोंदणीचे पैसे भरले. रिझर्व्ह बँक असे व्यवहार करत नाही, त्यासाठी शुल्कही घेत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने तसा जाहीर इशाराही दिला होता.

घरात जुनी नोट सापडली तर ती धुऊ नका, चिकटवू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. पीव्हीसी नसलेल्या पाकिटात सपाट ठेवा आणि दोन-तीन जाणकारांना दाखवा. विकून देण्यासाठी आधी पैसे मागणाऱ्याचा फोन तिथल्या तिथे ठेवून द्या.