हरणीला दुपारी कोण झोपवतं?

कोथरूड, बुधवार रात्र

प्रिय चिमे,

तुझा फोन आला तेव्हा कुकर गॅसवर होता, त्यामुळे धड बोलणं झालं नाही. शिवाय फोनवर तू ऐकत नाहीस, मधेच ‘हो गं आत्या, कळलं’ म्हणून मोकळी होतेस. म्हणून लिहायला बसले. हरणीनं सोफ्याची गादी फाडली, तू मीटिंगमध्ये असताना ती भुंकली म्हणून शेजारच्या काकू दोनदा दारात आल्या, आणि आता हरणीला डे-केअरला घालायचं तू ठरवलंयस. ठरवलंस ते चुकीचं नाही. पण तीन जागांची जी यादी पाठवलीस, तिच्यापुढे तुझ्याच हातानं काय लिहिलंयस बघ: ‘मोठ्ठं मैदान’, ‘स्विमिंग पूल’, ‘दिवसभर खेळ, घरी आल्यावर गपगार’. अगं, तू कुत्रीसाठी जागा शोधतेयस की शाळेच्या सहलीसाठी?

हरणी कोणाची कोण, ते आधी आठव. दादानं ती अहमदपूरहून आणली. आपल्याकडची कारवानी. पुण्यात कुणी तिला कॅरव्हॅन हाउंड म्हणेल, कुणी मुधोळ. मुधोळच्या घोरपड्यांनी ही कुत्री जोपासली म्हणून तिकडे ते नाव लागलं, आपल्या मराठवाड्यात मात्र कारवानीच. ही जात वासावर नाही, नजरेवर चालते. लांब कुठेतरी ससा हलला की बाण सुटल्यासारखी सुटायची आणि दोन-चार मिनिटांत काय तो निकाल. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर तो उद्योग कायद्यानं तरी संपला, बरंच झालं. पण पाय आणि डोळे तेच राहिले ना.

आमच्या लहानपणी शेतावर असाच एक होता. लोकांना वाटायचं, हा काय दिवसभर पळत असेल! पळायचा कसला. सकाळी बांधावरून एक फेरी मारायची, नंतर उन्हं उतरेपर्यंत बैलगाडीखाली चारही पाय ताणून पडायचं. भाकरी टाकली तरी एक डोळा उघडून बघायचा. संध्याकाळी पुन्हा एकदा असा काही सुटायचा की धुळीचा लोट तेवढा दिसायचा. मग परत गाडीखाली. तुझ्या हरणीत जोर आहे, नाही कोण म्हणतं? पण तो सहा तास वाटून खर्च करायचा जोर नव्हे.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. आमचा गुंड्या दीड वर्षाचा असताना मी त्याला अशाच एका मोठ्या मैदानवाल्या ठिकाणी घातला होता. बीगल म्हणजे पायाला भिंगरी. पहिला महिना आम्ही खूश. संध्याकाळी आला की पाणी प्यायचा आणि चपलांच्या ढिगावर आडवा. व्हॉट्सॅपवर रोज त्याचे पळतानाचे व्हिडिओ यायचे. (आणि खाली ‘गुंड्याज मम्मा’ म्हणून माझं नाव. एकसष्टाव्या वर्षी!) तिसऱ्या महिन्यात गाडं बिघडलं. रविवारी घरी असला की भिंतींवर चढायचा. अंगाला हात लावला की दचकायचा. एकदा नातू मांडीवर घ्यायला गेला तर त्याच्यावर गुरगुरला, आयुष्यात त्याआधी कधी कुणावर न गुरगुरलेला गुंड्या.

आमच्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला. तिथे तो झोपतो का? मला ठाऊकच नव्हतं. मोठं कुत्रं दिवसाचे बारा-चौदा तास झोपतं, पिल्लू त्याहून कितीतरी जास्त. आमचा मात्र सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा वीस-बावीस कुत्र्यांच्या गोंगाटात उभा. तो दमत नव्हता, तो जागत होता. आणि रोज पळून पळून त्याचा दमही वाढत चालला होता. तालमीत रोज सहा तास घातलं तर पैलवान तयार होतो गं, शांत माणूस नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की जागा बघायला सकाळी जाऊ नकोस. सकाळी सगळीच दुकानं झाडूनपुसून छान दिसतात. दुपारी दीडला जा. बाहेर उभी राहून आधी कान दे. कुत्री अजून भुंकत, धावत असतील तर तशीच परत फीर. पडदे ओढलेले, प्रत्येकाची वेगळी खोली किंवा निदान आडोसा, पंखा चालू, आणि कुणीतरी मधे पाट टाकून बसलंय, असं दिसलं तरच आत जाऊन पैशांचं बोल.

आता गुंड्या जातो तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा मी एका पोराला अर्धा तास नुसती बघत बसले होते. विशीतला असेल. हातात ना शिट्टी, ना पाण्याची बाटली, ना मोबाईल. आठ कुत्री होती. दोघांचा खेळ जरा तापला, आवाज वर चढला की तो नावानं हाक मारायचा. एक जण त्याच्याकडे यायचा, बसायचा, पाठीवर दोन थापा घ्यायचा, आणि ‘जा’ म्हटलं की परत खेळायला. दर चार-पाच मिनिटांनी हेच. भांडण सोडवणं त्याला येत असेल नसेल. तो भांडण होऊच देत नव्हता. पगार तो घेतो ते या हाकेचा.

त्याच आठवड्यात दुसरीकडे काय पाहिलं तेही सांगते. पंधरा-सोळा कुत्री, एक माणूस, आणि तो मोबाईलवर. बाकाखाली एक पांढरा पॉमेरियन शेपूट पोटाशी घेऊन बसलेला, सारखी जीभ ओठांवरून फिरवत होता. तो बाहेर निघाला की तिघं मागे लागायची, तो परत बाकाखाली. मालक मला म्हणाले, ‘खेळतायत.’ खेळात पाळी बदलते, चिमे. आत्ता तू माझ्यामागे, मग मी तुझ्यामागे. मधेच पुढचे पाय पसरून, ढुंगण वर करून ‘ये की’ म्हणणं असतं. एकच जण सारखा पळतोय आणि बाकीचे सारखे पाठीवर, तर तो खेळ एकाचाच.

आणि इथेच हरणीची खरी मेख आहे. ती स्वभावानं गरीब, मान्य. पण किंचाळत पळणारं पांढरं पॉमेरियन तिच्या डोळ्यांना काय दिसेल? तिथे स्वभाव मधे येत नाही, पिढ्या मधे येतात. तेव्हा लहान कुत्री वेगळ्या अंगणात असतात का, हे विचार. ‘आमच्याकडे सगळे मिळूनमिसळून राहतात’ असं कौतुकानं सांगणाऱ्याला लांबूनच नमस्कार कर.

कुंपण बघ. तुझ्या यादीतल्या दुसऱ्या जागेच्या फोटोत कंबरेएवढी जाळी दिसतेय. हरणी ती चहाचा कप हातात असताना ओलांडेल. दाराला दार हवं, म्हणजे बाहेरचं बंद झाल्याशिवाय आतलं उघडता कामा नये. तिचा साधा पट्टा आजच बदल. या जातीची मान डोक्याएवढीच जाड, मागे रेटा दिला की पट्टा कानांवरून अलगद निघतो. ओढला की थोडा आवळणारा, मार्टिंगेल म्हणतात तो, घे. आणि जेवण! छाती खोल, पोट बारीक अशा कुत्र्यांना भरल्या पोटी पळवलं तर त्यांचं जठर फुगून पिळा पडू शकतो, आणि मग तासाभराचीही उसंत मिळत नाही. डबा दिला तर तो किती वाजता देतात आणि त्यानंतर तासभर तरी तिला कोण बसवून ठेवतं, हे विचार. पुन्हा आलीस ना त्या दुपारपाशी?

लसींचं तुला सांगायला नको. रेबीज आणि नाइन-इन-वन वेळच्या वेळी आहेत, पण केनेल कफची राहिलीय. चार कुत्र्यांत जायचं तर ती हवीच, डॉक्टरांना विचारून घे. खरं तर तुझी फाईल कोण किती बारकाईनं तपासतंय ते तू बघ. न बघताच ‘हो हो, चालेल’ म्हणणारा इतरांच्याही फाईली अशाच बघत असणार. पावसाळ्यात उंदीर आणि साचलेलं पाणी म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, आणि गोचीड तर आपल्याकडे बारमाही. भिंतींच्या फटी जरा वाकून बघ. हरणी दहा महिन्यांची झालीय, कधीही माजावर येईल. ते पंधरा-वीस दिवस ती घरीच, हे त्यांनी तुझ्याआधी सांगायला हवं.

‘भांडण लागलं तर काय करता?’ हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते. ‘आमच्याकडे लागतच नाही’ म्हणणारा खोटं बोलतो.

महिन्याचं पॅकेज मात्र घेऊ नकोस, कितीही स्वस्त देऊ देत. आठवड्यातले दोन दिवस पुरेत, तू ऑफिसला जातेस ते. बाकीच्या दिवशी तिला पाच मिनिटं जीव तोडून पळायला बंदिस्त जागा हवी, बस्स. तुमच्या मागे ते बॉक्स क्रिकेटचं जाळीवालं टर्फ आहे ना, त्याला विचार, सकाळी सहाला अर्धा तास देतोस का. नाही म्हणेल, पण विचार. सोफ्याचं म्हणशील तर मला वाटतं तिनं तो जोर जास्त झाला म्हणून नाही फाडला, एकटी पडली म्हणून फाडला. ते डे-केअरनं थोडं भागेल, थोडं तू मोबाईल बाजूला ठेवलास तर.

यादीतली पहिली आणि दुसरी जागा खोड. तिसरी मला माहीत नाही. शनिवारी दुपारी सव्वा वाजता मी रिक्षानं तिथे गेटपाशी येते, तू हरणीला आणू नकोस, तिची फाईल तेवढी आण. आणि आपण येतोय असा त्यांना फोन करू नकोस.

तुझी
आत्या