दोरी आणि कोन

देहूहून इंद्रायणीच्या प्रवाहाबरोबर आळंदीकडे निघाले, की वाटेत चिखली लागते. जुनी माणसे तिला अजूनही टाळगाव चिखली म्हणतात. एके काळी हे शेतकऱ्यांचे गाव होते. पुढे पिंपरी, चिंचवड आणि भोसरी येथे कारखाने उभे राहिले, १९९७ साली चिखली महानगरपालिकेत आली आणि शेतांच्या जागी लहानमोठी वर्कशॉप्स व तीन-चार मजली इमारती दिसू लागल्या. पहाटे देवळातील टाळांचा नाद विरतो न विरतो, तोच लेथची घरघर सुरू होते.

अशाच एका इमारतीत दहावीत शिकणारा एक मुलगा राहत होता. त्याचे वडील लेथवर काम करीत. मुलाने तंत्रनिकेतनात जावे, अशी त्यांची फार इच्छा होती. परंतु मुलाचे पाऊल त्रिकोणमितीपाशी अडखळले होते. साइन, कोसाइन, टॅन ही नावे त्याने मंत्रासारखी पाठ केली होती. पण उदाहरण थोडे फिरवून घातले, की सारे पाठांतर वाऱ्यावर उडून जाई. चाचणीत वीसपैकी चार गुण मिळाले, तेव्हा गणित आपल्यासाठी नाही, असे त्याने मनाशी ठरवून टाकले आणि उत्तरपत्रिका दप्तराच्या तळाशी लपवली.

ती वडिलांच्या हाती लागली. ते रागावले नाहीत. त्याच संध्याकाळी मुलाला घेऊन ते तळमजल्यावरील काकांकडे गेले. काका एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झाले होते. त्यांचे सारे आयुष्य मापे घेण्यात गेले होते. शिकवणीचे पैसे घेण्यास त्यांनी नकार दिला. मात्र एक अट घातली. "उत्तर चुकले तरी चालेल, पण डोळ्यांना जे दिसेल तेच वहीत लिहायचे," ते म्हणाले. ही अट फारच सोपी आहे, असे मुलाला वाटले.

पहिल्या दिवशी काकांनी पुस्तक उघडलेच नाही. त्यांनी बांबूची एक कांब वाकवून तिच्या दोन्ही टोकांना दोरी बांधली आणि धनुष्य तयार केले. "ही कांब म्हणजे वर्तुळाचा तुकडा आणि ही दोरी म्हणजे ज्या. तुझ्या साइनचा जन्म या दोरीतून झाला आहे," त्यांनी सांगितले. मुलगा चकित झाला. आर्यभटांनी इसवी सन ४९९ च्या सुमारास अशा अर्ध्या दोरीच्या लांबीचे, म्हणजे अर्धज्येचे, कोष्टक रचले. ज्येलाच जीवा असेही म्हणत. हा शब्द अरबी विद्वानांकडे गेला, तेव्हा तो 'जिबा' झाला. अरबी लिपीत तो पुढे 'जैब' असा वाचला जाऊ लागला आणि जैब म्हणजे वस्त्राची घडी. बाराव्या शतकात युरोपातील भाषांतरकारांनी त्याच अर्थाचा 'सायनस' हा लॅटिन शब्द योजला. त्याचेच साइन झाले. धनुष्याची दोरी अशी जगाची यात्रा करून चिखलीच्या शाळेत परत आली होती!

काकांनी मग भास्कराचार्यांची गोष्ट सांगितली. त्यांचा जन्म १११४ सालचा. त्यांना विद्या दिली ती त्यांच्या वडिलांनी, महेश्वरांनी. ११५० साली भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ पूर्ण केला. त्यातील 'ज्योत्पत्ति' या भागात दोन कोनांच्या ज्या ठाऊक असल्या, तर त्यांच्या बेरजेच्या कोनाची ज्या कशी काढावी, ते सांगितले आहे. पुढे त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापिला. त्याची नोंद करणारा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. "म्हणजे ही विद्या शिकवणीनेच चालत आली आहे," काका हसून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खरी गोम कळली. काटकोन त्रिकोणाचा आणखी एक कोन ठरला, की त्याच्या बाजूंचे एकमेकींशी असलेले प्रमाणही ठरून जाते. मग तो त्रिकोण टाचणीएवढा असो, की डोंगराएवढा असो. म्हणून जेथे हात पोहोचत नाही, तेथे कोन पोहोचतो. समोरच्या बाजूला लगतच्या बाजूने भागले, की टॅन मिळतो. आणि पंचेचाळीस अंशांच्या कोनात या दोन बाजू सारख्याच असतात. हे समजताच पाठ केलेल्या सूत्रांना प्रथमच अर्थ आला.

रविवारी इमारतीची उंची मोजायचे ठरले. कोनमापकाला सरबताची नळी चिकटवली, त्याच्या मध्यबिंदूतून दोरा सोडला आणि दोऱ्याच्या टोकाला एक लोखंडी नट बांधला. झाले उपकरण तयार! मुलगा भिंतीपासून दहा मीटरांवर उभा राहिला. नळीतून गच्चीचा कठडा पाहिला, तो कोन बरोबर पंचेचाळीस अंश आला. "उंची दहा मीटर!" तो आनंदाने ओरडला. काकांनी गच्चीवरून दोरी सोडून ती मोजली. ती भरली ११.४ मीटर. मुलाचा चेहरा उतरला. काकांनी विचारले, "तुझे डोळे जमिनीवर होते काय?" त्याचे डोळे जमिनीपासून १.४ मीटर उंच होते. तेवढे मिळवायचे तो विसरला होता.

"आता वीस मीटरांवरून मोज," असे सांगून काका दूर जाऊन बसले. मुलाने पाहिले, तो कोन अठ्ठावीस अंश दिसला. काकांच्या जुन्या कोष्टकावरून हिशेब केला, तेव्हा उंची बारा मीटर आली. खरी उंची तर त्याला ठाऊक होती. पुन्हा चूक दाखविण्याची त्याला लाज वाटली. त्याने अठ्ठावीसवर रेघ मारली आणि तेथे साडेसव्वीस लिहिले. उत्तर जवळजवळ तंतोतंत जुळले.

काकांनी वही पाहिली. खोडलेल्या आकड्यावर त्यांचे बोट थांबले. "हा कोन तुझ्या डोळ्यांनी सांगितला, की माझ्या दोरीने?" त्यांनी शांतपणे विचारले. मुलाने मान खाली घातली.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मीही एकदा असेच केले होते. तेव्हा मी नवखा होतो. पाळी संपत आली होती. तपासायला आलेल्या एका साच्याचा कोन एक अंशाने चुकला होता. पुन्हा मांडणी करण्याचा कंटाळा आला, म्हणून मी नोंदवहीत नकाशातलाच आकडा लिहिला. एक अंश म्हणजे काय, असे मला वाटले. पण शंभर मिलिमीटर लांबीवर एक अंश चुकला, की दुसरे टोक पावणेदोन मिलिमीटरांनी हलते. त्या साच्यावर केलेला सगळा माल भंगारात गेला. ठपका आला तो यंत्रावरच्या एका गरीब कामगारावर. त्याची नोकरी गेली. मी खरे बोललो, पण तेव्हा उशीर झाला होता; तो गाव सोडून गेला होता."

त्यांनी कपाटातून एक चकचकीत पोलादी पट्टी आणली. तिच्या दोन टोकांना दोन सारखे रूळ होते. टूलरूममध्ये तिला साइन बार म्हणतात. दोन रुळांमधील अंतर शंभर मिलिमीटर असेल आणि एका रुळाखाली पन्नास मिलिमीटर जाडीचे स्लिप गेज ठेवले, तर पट्टी बरोबर तीस अंशांत कलते. कारण तीस अंशांचा साइन निम्मा असतो. "हिच्यावर कोणाचीच मर्जी चालत नाही. म्हणून ती मी जपून ठेवली आहे," काका म्हणाले.

मुलगा पुन्हा अंगणात गेला. त्याने त्याच जागेवरून तीनदा कोन पाहिला आणि तिन्ही आकडे जसेच्या तसे लिहिले : अठ्ठावीस, सत्तावीस, सव्वीस. त्यांची सरासरी सत्तावीस. उंची आली ११.६ मीटर. दोरीहून ती वीस सेंटिमीटर अधिक होती. काकांनी वहीवर बरोबरची खूण केली. मुलाने आश्चर्याने पाहिले, तेव्हा ते म्हणाले, "ही चूक प्रामाणिक आहे. तिचे कारण शोधता येते. खोडलेल्या आकड्याचे कारण कोठे शोधायचे?"

मग त्यांनी एव्हरेस्टची हकीकत सांगितली. राधानाथ शिकदार या बंगाली गणितज्ञांनी १८५२ च्या सुमारास त्या शिखराच्या उंचीचा हिशेब केला. शिखरावर तोवर कोणीही पोहोचले नव्हते. पहिले गिर्यारोहक १९५३ साली पोहोचले. दीडशे किलोमीटरांहून अधिक दूरच्या सपाट प्रदेशातून अनेकांनी अनेकदा कोन मोजले होते. १८५६ मध्ये २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली. २०२० मध्ये जाहीर झालेल्या ८,८४८.८६ मीटर या उंचीशी तिचा फरक दहा मीटरांहूनही कमी आहे. त्या मोजणाऱ्यांना जुळवून घ्यायला आधी ठाऊक असलेले उत्तर नव्हते. दिसलेला कोन खरा लिहिणे, एवढाच त्यांचा आधार होता. आपण जेथे पोहोचू शकत नाही, तेथले सत्य आपल्या हाताशी असलेल्या खऱ्या मापांतूनच कळते. त्रिकोणमितीचे मोल यातच आहे.

त्या रात्री वडील पाळीवरून परतले. त्यांनी विचारले, "काय रे, मोजली का इमारत? किती चुकलास?"

"वीस सेंटिमीटर, बाबा," मुलगा म्हणाला. लपवलेली उत्तरपत्रिका त्याने स्वतःच बाहेर काढली होती. वडिलांच्या शेजारी बसून तो आता त्यातील चुका एकेक करून शोधत होता.