तुपला रांजण

१९७२ च्या दुष्काळात सरकारनं रस्त्याची, पाझर तलावाची कामं काढली आणि आमचं बीड जिल्ह्यातलं अख्खं गाव खडी फोडायला गेलं. माय आणि अप्पा झुंजुमुंजू व्हायच्या आत निघायचे, ते दिवेलागणीला परत. घरात आजी आणि आम्ही तीन लेकरं. थोरला भाऊ बारा वर्षांचा, मी दहाची, धाकटा सातचा. आजीचे गुडघे धरलेले, डोळ्यांनी कमी दिसायचं. म्हणजे घर आमच्याच अंगावर.

मला झाडलोटीची सवय होती. थोरला मात्र हंड्याला हात लावायचा नाही. "बायकांची कामं मी नाय करणार," म्हणून मारुतीच्या पारावर जाऊन बसायचा. धाकटा त्याच्या मागं. माय संध्याकाळी येऊन आरडायची, "माझ्या हाडाची काडं झाली, जरा मदत करा रे लेकरांनो." त्याचा परिणाम एखादा दिवस टिकायचा. मग तिनं दुसरा उपाय केला. कामावर सुकडी मिळायची, ती स्वतः न खाता पदरात बांधून आणायची आणि काम केलेल्याला द्यायची. पण तोंडातली सुकडी संपली की कामही संपायचं.

एक दिवस आजी म्हणाली, "मदत मदत काय लावलंय? मदत पाव्हण्यानं करायची असती. ही काय पाव्हणी हायेत?"

दुसऱ्या दिवशी तिनं घर वाटून टाकलं. थोरल्याला म्हणाली, "रांजण तुपला. कवा भरला, कसा भरला, मी इचारणार नाय. पर रिकामा ऱ्हायला तर तूच सांगायचं." धाकट्याला कंदील दिला. "काचंत हात जाईल असा घरात तू एकलाच." चूल माझी. केरसुणी तिघांची, पाळीपाळीनं.

विहीर आटली होती. नदीच्या वाळूत झिरा उकरून वाटी वाटीनं हंडा भरावा लागे. थोरला पहिल्या दिवशी गेलाच नाही. मी कळशी घेऊन उठले तर आजीनं हात धरला. "खाली बस."

माय आली. भुवयांपर्यंत पांढरी धूळ. तिनं रांजणात तांब्या घातला, तो बुडाला खरडला. ती बोलली काहीच नाही. पदरानं तोंड पुसून भिंतीला टेकली. आजी एवढंच म्हणाली, "रांजण कोणाचा हाय?"

थोरला उठला आणि हंडा घेऊन अंधारात गेला. परत आला तेव्हा हंडा काठोकाठ होता. दिवस मावळल्यावर उपसा थांबतो आणि झिऱ्यात पाणी साठतं, हे त्याचं त्यालाच कळलं. मग तो रोज पहाटेच जाऊ लागला.

धाकट्याच्या काचेवर आधी नुसते काळे ओरखडे असायचे. माय ती परत पुसायला गेली की आजी म्हणायची, "ऱ्हाऊ दे. त्याच्याम्होरं पुसू नको." तिनं त्याला चाळलेली कोरडी राख आणि मऊ फडकं कसं फिरवायचं ते दाखवलं. आठ दिवसांत उजेड पडू लागला. माझी अडचण वेगळीच होती. रेशनच्या लाल मिलोला चिकटपणा नाही, भाकरी थापताना फाटायची. आजीनं पिठात उकळतं पाणी घालायला शिकवलं. तोवर माझे तुकडे सगळ्यांनी निमूट खाल्ले.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. माय घरी राहू लागली आणि एका सकाळी सवयीनं रांजण भरायला निघाली. थोरल्यानं तिच्या हातातला हंडा ओढून घेतला. "रांजण मपला हाय."

आता आमच्या नातवंडांना त्यांच्या आया म्हणतात, "मम्मीला हेल्प कर ना." पोरं मोबाईलमधून मान वर करत नाहीत. मला त्यात पोरांचा दोष कमी दिसतो. काम मम्मीचं आहे हे आपणच आधी सांगून टाकलेलं असतं. लेकराला पूर्ण काम द्यावं, त्याच्या हाताला बसेल असं द्यावं, आणि ते बिघडलं तरी चार दिवस कळ काढावी. ही कळ काढणंच अवघड. आजीला ते जमत होतं.

थोरल्याच्या घरी आता नळ आहे. नळाला पाणी आलं की आजही पहिला तोच उठतो. वहिनींनी पाणी भरलेलं मी कधी पाहिलं नाही.